ईश्वरप्पांचं कोरडं डोकं

लातूर जिल्ह्याचं गाव झालं आणि पाठोपाठ पाणी आटलं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, पण टँकरच्या रांगेत तासन् तास उभं राहायचं म्हणजे बोलायला काहीतरी लागतंच. तेव्हा बाया म्हणायच्या, तालुका होता तवर बरं होतं, निदान आडाला पाणी तरी होतं. मग कुणीतरी नव्या कचेऱ्यांच्या नव्या पाट्यांची तारीफ करायचं, आणि तेवढ्यात टँकर यायचा की पाट्या, कचेऱ्या, जिल्हा सगळं विसरून गल्ली घागरींसकट त्याच्यावर तुटून पडायची.

अशा दिवसांत ज्याची चांदी व्हावी असा गोलाईच्या बाजारपेठेत एकच माणूस होता, तो म्हणजे भांडेवाले ईश्वरप्पा. पाणी नसलं की माणसाला भांडी लागतात हे दुष्काळ बघितल्याशिवाय कळत नाही. टँकर कधी येईल त्याचा भरवसा नाही. आला की घरात जेवढं म्हणून भरून ठेवता येईल तेवढं भरायचं. घागरी, हंडे, बादल्या, पिंपं, काही म्हणून दुकानात टिकत नव्हतं. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात ईश्वरप्पा उदास झाले.

आता उदास म्हणजे कसे, तर हा माणूस मुळात अख्ख्या बाजाराची टिंगल करणारा. गिऱ्हाइकानं हंडा वाजवून बघितला तर म्हणायचा, लेझीम खेळायचाय का स्वयंपाक करायचाय ते आधी ठरवा. तो माणूस बोलायचाच थांबला. पहाटे अंधारात जाग यायची, मग लिंगपूजेला बसायचे ते बसूनच राहायचे. भाजी अळणी झाली तरी मुकाट खायचे. दुकानात कुणी घागर बघत असायचं आणि इकडे गादीवर मालकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. गावात थेंब नाही आणि यांच्या डोळ्याला धार, असं त्यांच्या मंडळींना, म्हणजे उमादेवींना, वाटायचं; पण बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण त्यांनाही रडू यायचं. लेकी दोघी निलंग्याला आणि उदगीरला नांदत होत्या. घरात दोघंच, आणि त्यातला एक असून नसल्यासारखा. उमादेवींना आपला नवरा परत पाहिजे होता, बस्स, दुसरं काही नको होतं.

गल्लीनं सल्ले द्यायला काही कमी केलं नाही. कुणी म्हणालं पित्त आहे, कुणी म्हणालं नजर आहे, कुणी दूध बंद करायला लावलं, आणि ज्यांनी दूध बंद करायला लावलं त्यांच्याच जावेनं दुधात हळद घालून द्यायला सांगितलं. शेवटी सगळे एकाच प्रश्नावर यायचे. धंदा एवढा जोरात चालून राहिला, मग दुःख कशाचं? ते ऐकून ईश्वरप्पा आणखी खाली मान घालून बसायचे.

मग एका दुपारी ते गादीवरून उठायला गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि पितळी घागरींच्या उतरंडीवर कोसळले. लागलं फारसं नाही, पण आवाज एवढा झाला की गोलाईला वळसा घालून माणसं बघायला आली.

नेहमीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी तपासली, बराच वेळ निवांत प्रश्न विचारले आणि नांदेडच्या एका डॉक्टरांना ट्रंककॉल लावला. तिथं एक मशीन आहे, ते म्हणाले. डोक्याला तारा चिकटवतात, मेंदूच्या लहरी कागदावर उमटतात, हृदयाचा कार्डिओग्राम काढतात तसंच. ही उदासी आहे असं आम्हाला वाटतंय. पण ते पडले, तर झटके वगैरे तर नाहीत ना, एवढं बघून घेऊ, मग गोळ्या ठरवू. दुखत नाही, खुपत नाही. फक्त डोकं स्वच्छ धुऊन न्यायचं, तेलाचा थेंब चालणार नाही, आणि आदल्या रात्री झोपायचं नाही. हे शेवटचं मालकांना विनासायास जमत होतं.

तेलाचं मात्र अवघड होतं. ईश्वरप्पांच्या डोक्यावर जन्मल्यापासून रोज करडईचं तेल जिरलेलं. लहानपणी आईनं थापलं, पुढं उमादेवींनी. ते तेल आता केसांत नव्हतं, ते कवटीत मुरलं होतं. शिकेकाईचे दोन-तीन हात दिल्याशिवाय निघणार नाही, आणि तेवढ्याला घागरीमागून घागरी लागणार. घरात पाणी होतं पिण्यापुरतं.

उमादेवींनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की गल्लीला यातलं काही कळू द्यायचं नाही. डोक्याचा डॉक्टर म्हटल्यावर त्या गल्लीत एकच अर्थ निघत होता. तेव्हा त्या शेजारच्या नागम्माकडे गेल्या आणि आडून आडून दोन घागरी पाणी उसनं मागितलं. दुष्काळात सोनं मागितलेलं परवडतं. नागम्मानं विचारलं, कशाला? उमादेवी म्हणाल्या, मालकांना डोक्यावरून न्हायचंय. नागम्मा म्हणाली, अन् ते कामून?

"सांगता येत न्हाई, नागम्मा," उमादेवी म्हणाल्या. "मालकांनी मनात कायतरी धरलंय. तेल सोडलंय. नांदेडकडं जायचंय. त्याच्या पुढचं इचारू नको."

आपण फार हुशारीनं निभावून नेलं, असं वाटून त्या घरी आल्या. नागम्मानं मात्र उंबऱ्यात बसून हिशेब जुळवला. माणूस बोलत नाही. पहाटे उठून लिंगापुढं बसतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. जेवणावर वासना नाही. धंदा एवढा चाललाय तरी त्यात मन नाही. तेल सोडलं. आता डोक्यावरून न्हाऊन गाव सोडून निघाला. नागम्माच्या अंगावर सरसरून काटा आला. दिवे लागायच्या आत अख्ख्या गल्लीला कळलं की ईश्वरप्पा संसार सोडून दीक्षा घ्यायला चाललेत. नांदेडकडं तसला मठ कुठला, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण असेल, नांदेड जुनाच जिल्हा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून उमादेवींच्या अंगणात पाणी यायला लागलं. ज्या बाया तांब्याभर पाण्यावरून सवतीसारख्या भांडायच्या त्या डोक्यावर भरलेल्या घागरी घेऊन येत होत्या. दीक्षेला निघालेल्या माणसाच्या न्हाणाला पाणी देणं म्हणजे केवढं पुण्य. घागर टेकवायची, ईश्वरप्पांना लांबून शरणार्थ म्हणायचं, उमादेवींना जवळ घेऊन हुंदका द्यायचा आणि जायचं. तुझं आता कसं होईल गं माय, असं प्रत्येकजण म्हणत होती. कळायला उमादेवींना वेळ लागला नाही. खरं सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण अंगणातल्या भरलेल्या घागरींकडे बघितलं आणि मिटलं. वेडा म्हणण्यापेक्षा स्वामी म्हटलेलं काय वाईट, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. राग मात्र फार आला. धडधाकट नवरा असताना टाकलेल्या बाईसारखं सांत्वन करून घ्यायचं म्हणजे काय. आणि आत कुठंतरी हेही टोचत होतं, की या बाया अगदीच चुकीचं रडत नाहीयेत. मालक होळीपासूनच गेलेले आहेत, कुठं ते कुणाला ठाऊक.

न्हाणं झालं ते सगळ्या गल्लीदेखत. ईश्वरप्पा धोतर नेसून पाटावर बसले, आणि उमादेवी शिकेकाई चोळायला लागल्या. तेल निघता निघेना. फेस पिवळा, मग भुरा, मग कुठं पांढरा. खाली मोठं घंगाळ लावलं होतं, कारण त्या दिवसांत न्हाणाचं पाणीसुद्धा कुणी वाया घालवत नव्हतं. नागम्माच्या सासूनं, गंगम्मानं, जिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं, त्या घंगाळात ओंजळ बुडवली आणि पादोदक, म्हणजे स्वामींच्या पायांचं तीर्थ, म्हणून भक्तिभावानं दोन्ही डोळ्यांना लावली. शिकेकाई असली झोंबली की म्हातारीला डोळे उघडता येईनात. तिला धरून ओसरीवर बसवलं, तर ती म्हणाली, केवढं तेज हाय बघा, सोसना झालंय. मग तर घंगाळाभोवती रेटारेटीच झाली. ईश्वरप्पा या सगळ्याच्या मधोमध ओलेते बसून होते.

नांदेडच्या गाडीला पोचवायला स्टँडवर निम्मी गल्ली आली. उमादेवी रुमाल टाकून जागा धरायला आधी वर चढल्या, आणि हीच त्यांची चूक झाली. खाली गंगम्माला सुनेनं पुढं आणलं. तिचे डोळे आता बरे झाले होते. तिनं ईश्वरप्पांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात कोरडा सरकला. म्हातारी चरकली. आपल्याकडे कोरडं डोकं सुतकात. शुभ कामाला निघालेल्या लेकराला असं भुंडं कसं पाठवायचं? कमरेच्या पिशवीतनं तिनं करडईच्या तेलाची बाटली काढली. ती कुठं जाताना बाटली जवळ ठेवायचीच, गुडघ्यांना लागायची म्हणून. तळव्यात धार धरली आणि मालकांच्या टाळूवर थाप मारून जिरवली. उमादेवी खिडकीतून बघत होत्या. त्यांनी हात बाहेर काढला, ओरडल्या, आणि खाली सगळ्यांनी त्यांना हात हलवून निरोप दिला.

अहमदपूर येईपर्यंत उमादेवी पदरानं ते डोकं पुसत होत्या. पुसल्यानं तेल गेलं नाही, पसरलं. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ मघापासून बघत होते. त्यांनी न विचारता सांगितलं की तेल काढायला पिठासारखं काही नाही, पीठ तेल ओढतं. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उमादेवींनी उतरून पीठ शोधलं. ज्वारीचं मिळालं नाही, बेसन मिळालं. ते चोळल्यावर मालकांच्या डोक्याचं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, पण लोहा सोडेपर्यंत गाडीत भज्यांचा वास सुटला होता आणि दोन पोरांनी आईकडे खायला मागितलं.

नांदेडच्या दवाखान्यात मशीन चालवणारे रामकिशन म्हणून एक होते. माणूस भला, पण बोलायला मोकळा. त्यांनी ते डोकं पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि उमादेवींना विचारलं की हे तळायला आणलंय का तपासायला. उमादेवींनी होता तेवढा मान गोळा करून लातूरहून सांगून ठेवल्याचं सांगितलं.

"लातूरचे का," रामकिशन म्हणाले. "तुमचा तर जिल्हा झाला म्हणं. मशीन न्हाई आली अजून?"

"येईल," उमादेवी म्हणाल्या. "आधी पाणी येऊ द्या."

हे बरोबर बसलं, पण त्यानं डोकं स्वच्छ झालं नाही. तारा लेपानं चिकटवायच्या असतात, तेलावर लेप धरत नाही, आणि दवाखान्यातही पाणी पिण्यापुरतंच होतं. धुऊन पुढच्या आठवड्यात आणा, रामकिशन म्हणाले. पुढच्या आठवड्यात. अख्ख्या गल्लीचं पुण्य खर्चून जमवलेलं पाणी घंगाळातून लोकांच्या डोळ्यांत गेलं होतं, ते परत कुठून आणायचं? उमादेवी तिथंच बाकावर बसल्या आणि त्यांचा बांध फुटला. घरी कधी असं रडल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आता माझ्यानं होत न्हाई.

ईश्वरप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या न्हाव्याकडे बघितलं. मग उठले.

"काढून टाकू," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते स्वतःहून एक वाक्य बोलले होते, आणि ते असं होतं.

न्हाव्याला दोन पेले पाणी पुरलं. ईश्वरप्पा गुळगुळीत होऊन आले, रामकिशननी उरलंसुरलं तेल स्पिरिटनं पुसलं, आणि म्हणाले, गळ्यातलं ते चांदीचं काढून ठेवा. ते चांदीचं म्हणजे चौका, गळ्यातली डबी, आणि त्यात इष्टलिंग. उमादेवी एकदम ताठ झाल्या. ते जीव गेल्यावरसुद्धा अंगावरून निघत नाही, त्यांनी सांगितलं. तुमची मशीन काढा पाहिजे तर. आतून डॉक्टर आले, हसले, म्हणाले राहू द्या, गळ्यातल्यानं काही बिघडत नाही, डोकं आपलं मोकळं आहे ना. ते तर आता नको तेवढं मोकळं होतं.

मशीन सुरू झालं. ईश्वरप्पा डोळे मिटून पडले होते, डोक्यावर तारांचं जाळं, आणि बाजूला लांबलचक कागदावर बारीक बारीक टाक एकाखाली एक थरथरत पळत होते. उमादेवी काचेतून बघत होत्या. चेहऱ्यावर काही नाही, ओठ हलत नाहीत, आणि कागदावर एवढी लगबग. एवढं सगळं आत चाललंय, आणि मी समजत होते की आत कुणी नाही. त्या काचेला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांना एकदम फार बरं वाटलं.

डॉक्टरांनी कागद उलगडून बघितला. झटके नाहीत, ते म्हणाले. मेंदू आपलं काम नीट करतोय. उदासी काही या रेघांत दिसत नाही, पण दुसरं काही नाही हे दिसतं, आणि ते कळलं की गोळ्या निर्धास्त देता येतात. हा आजार आहे, बाई. याचा धंद्याशी संबंध नाही, देवाशी नाही, तुमच्या स्वयंपाकाशी नाही. हे शेवटचं ऐकून उमादेवींच्या छातीवरचा दगड उतरला, कारण अळणी भाजीचं त्या मनात धरून बसल्या होत्या. गोळ्या सुरू करा, तीन-चार आठवडे धीर धरा, लगेच काही होणार नाही.

आता परतीचं ऐका. डोक्याचा चकोट, त्यावर वाळलेल्या लेपाचे पांढरे गोल ठिपके, कपाळापासून मागेपर्यंत ओळीनं. पुसायला पाणी कुठलं. लातूर स्टँडवर गाडी थांबली तेव्हा, नवे स्वामी आधी आपल्या गावाला दर्शन द्यायला येणार असं धरून, गल्ली हजर होतीच, शिवाय कुणीतरी बँडवाले आणले होते. ईश्वरप्पा पायरीवर आले. मुंडण बघितलं, भस्मासारखे ठिपके बघितले, आणि कुणाच्याच मनात काही शंका उरली नाही. बँड वाजायला लागला. नागम्माचा नवरा सिद्रामप्पा हार घेऊन पुढं आला आणि वाकला.

उमादेवी मागं पिशव्या घेऊन उभ्या होत्या. तेवढ्यात ईश्वरप्पांनी सिद्रामप्पाला दंडाला धरून उभं केलं आणि बँडवाल्यांकडे हात केला. वाजवणं थांबलं.

"दीक्षा न्हाई घेतली," ते म्हणाले. आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी बिमार हाय. मनाची बिमारी हाय, उदासीची. नांदेडच्या डॉक्टरकडं गेलतो. मशीनवर डोकं तपासलं. गोळ्या देल्यात. बाई माझी लाजली सांगायला, तिला काय बोलू नका."

मग नागम्मानं विचारलं की मग आमचं पाणी? आणि गंगम्मा, जिनं सगळ्यात मोठा घोटाळा केला होता, तिनं सुनेला गप्प केलं. आजारी लेकराला न्हाऊ घातलं, ती म्हणाली, त्येला काय वाया गेलं म्हणत्यात का.

त्यानंतरचे दिवस काही बरे गेले नाहीत. गल्ली भांडली असती तर उमादेवींना चाललं असतं, पण गल्ली जपून वागायला लागली. दुकानात लोक घागर मागताना हळू आवाजात मागायचे, मोठ्यानं बोललं तर मालक फुटतील की काय असे. कुणी सल्ला द्यायला येईना, आणि सल्ल्यांवाचून घर फार सुनं वाटतं हे उमादेवींना पहिल्यांदा कळलं. सकाळ-संध्याकाळ त्या गोळी द्यायच्या आणि तोंडाकडे बघत बसायच्या. मालक थोडं जास्त झोपत होते, एवढंच. डोक्यावर केसांचे खुंट आले. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे भरत आले. उमादेवी मनात म्हणायला लागल्या की हेच आता आपलं, आणि असंच तर असंच.

एका दुपारी त्या डबा घेऊन दुकानात गेल्या. मागच्या दारानं शिरल्या तर पुढं गादीवर सिद्रामप्पा बसलेला. त्या पिंपांच्या आड थांबल्या. सिद्रामप्पा नेहमी रुबाबात टोपी घालून फिरणारा माणूस. आज टोपी हातात होती आणि तो ती गोल गोल फिरवत होता.

"मलाबी पहाटे जाग येती, ईश्वरप्पा," तो म्हणत होता. "लई दिवसापासून. मग झोपच न्हाई. गोठ्यात जाऊन रडतो बघा. कारण काय म्हणाल तर काय बी न्हाई. नागम्माला ठाऊक न्हाई." मग बराच वेळ टोपी फिरली. "त्या मशीनसाठी... बाल काढावंच लागत्यात का?"

ईश्वरप्पांनी त्याच्या डोक्याकडे बघितलं. टोपीखाली काय आहे हे घराबाहेरच्या कुणाला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसत होतं, आणि तिथं काही नव्हतं. कानांवर दोन बाजूंना थोडी झुडपं, बाकी लख्ख माळ.

"तुमचं काय न्हाई ओ, सिद्रामप्पा," ईश्वरप्पा म्हणाले. "तुम्हाला नुसतं फडक्यानं पुसतील आन् बसवतील."

सिद्रामप्पा आधी चमकला, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ईश्वरप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते म्हणाले, गुरुवारी जाऊ, मी येतो संगं.

पिंपांच्या आड उमादेवींनी तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. हसू येत होतं का रडू, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं, आणि त्या एका पालथ्या बादलीवर बसल्या. बाहेर मालक सिद्रामप्पाला आणखी काहीतरी चिडवत होते. डबा गार झाला तरी त्या तिथून उठल्या नाहीत.